ब्लूबेरीचे गुण आणि शिवारातील जांभूळ

मृगाच्या सरी बरसल्या की बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद आणि आळंद या भागांतील आठवडे बाजारांत जांभळांच्या पाट्या दिसू लागतात. मराठी भाषिक ज्यास जांभूळ म्हणतात, त्यासच कन्नडमध्ये 'नेरळे' आणि दखनीमध्ये 'जामून' म्हणतात. हा प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. पुढे तो कर्नाटकात समाविष्ट झाला. २०१४ साली गुलबर्ग्याचे नाव कलबुर्गी झाले. नावे बदलली, सीमा बदलल्या. परंतु ओढ्याकाठचे जांभूळ दर वर्षी त्याच सुमारास पिकत राहिले. महिना-दीड महिन्यांचा हा हंगाम संपला म्हणजे जांभळाची आठवण पुढील वर्षापर्यंत मागे पडते.

अलीकडच्या काळात दुसऱ्या एका जांभळ्या फळाचे नाव सर्वत्र ऐकू येऊ लागले आहे. ते फळ म्हणजे ब्लूबेरी. हृदय, रक्तवाहिन्या, स्मरणशक्ती आणि मधुमेह या सर्वांवर ते गुणकारी असल्याचे सांगितले जाते. मोठ्या शहरांतील दुकानांत लहान पारदर्शक डब्यांतून ते विकले जाते आणि त्याची किंमत सामान्य कुटुंबास परवडणारी नसते. यामुळे दोन प्रश्न निर्माण होतात. पहिला असा की, आरोग्यासाठी हे परदेशी फळ विकत आणलेच पाहिजे काय? दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. जांभळात असे गुण असतील, तर जांभूळबीची भुकटी घेऊन मधुमेहाच्या गोळ्या बंद कराव्यात काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर चुकल्यास केवळ पैसा जातो. दुसऱ्याचे उत्तर चुकल्यास डोळे, मूत्रपिंड आणि पाय यांच्यावर बेतते. म्हणून या दोन्ही प्रश्नांचा विचार उपलब्ध शास्त्रीय माहितीच्या आधारे करणे इष्ट ठरेल.

ब्लूबेरी म्हणजे काय?

ब्लूबेरी हे मूळचे उत्तर अमेरिकेतील झुडपाचे फळ. वनस्पतिशास्त्रात ते व्हॅक्सिनियम या प्रजातीत मोडते. आकाराने ते बोरापेक्षा लहान, वाटाण्यापेक्षा थोडे मोठे, रंगाने निळसर जांभळे आणि चवीस आंबटगोड असते. जांभळाचा आणि त्याचा वनस्पती म्हणून काही संबंध नाही. जांभूळ हा पेरू आणि लवंग यांच्या कुळातील मोठा वृक्ष आहे, तर ब्लूबेरीचे झुडूप पुरुषभर उंचीचे असते.

विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत ब्लूबेरी हे रानमेव्यातच मोडत होते. लोक ते रानातून वेचून आणीत. अमेरिकेच्या कृषी खात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी या झुडपाचा अभ्यास करून त्यास आम्लधर्मी जमीन लागते हे दाखवून दिले. त्यांचे लेखन वाचून न्यू जर्सी राज्यातील एलिझाबेथ व्हाइट या बागाईतदार महिलेने १९११ साली त्यांना आपल्या जमिनीवर प्रयोग करण्याचे निमंत्रण दिले. व्हाइट यांनी परिसरातील वेचणाऱ्यांना मोठी फळे देणारी झुडपे शोधून दाखविण्यास सांगितले, फळ मोजण्यासाठी छिद्रे असलेले माप दिले आणि अशा झुडपांबद्दल मोबदला दिला. या निवडलेल्या झुडपांपासून केलेल्या लागवडीचे पहिले पीक १९१६ साली बाजारात विकले गेले. 'रुबेल' ही जात तर ते झुडूप शोधून देणाऱ्या वेचणाऱ्याच्या नावावरून ओळखली जाते. आजच्या कीर्तिमान फळामागे गावातील वेचणाऱ्यांचे ज्ञान आणि शास्त्रज्ञाचा अभ्यास यांचा असा मेळ आहे.

बिदर-कलबुर्गी परिसरात ब्लूबेरीची लागवड करावी, अशी कल्पना कोणी मांडल्यास ती व्यवहार्य ठरणार नाही. या झुडपास साडेचार ते साडेपाच इतका सामू असलेली आम्ल जमीन आणि हिवाळ्यात दीर्घकाळ थंडी लागते. येथील काळी जमीन सर्वसाधारणपणे विम्लधर्मी असून उन्हाळाही कडक असतो. जांभूळ मात्र याच जमिनीत, ओढ्यानाल्यांच्या काठी, पाणी साचणाऱ्या जागीसुद्धा जोमाने वाढते.

रंगातच गुण

ब्लूबेरीची जी ख्याती आहे, ती मुख्यतः तिच्या रंगद्रव्यांमुळे आहे. या रंगद्रव्यांना ॲन्थोसायनिन म्हणतात. ही द्रव्ये वनस्पतींच्या फुलांत, फळांत आणि पानांत तांबडा, जांभळा वा निळा रंग उत्पन्न करतात. डेल्फिनिडिन, माल्व्हिडिन आणि पेट्युनिडिन हे या गटातील घटक ब्लूबेरीत असतात आणि तेच घटक जांभळातही असतात. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जांभळी होते ती याच द्रव्यांमुळे. पिकलेली करवंदे, तुतीची फळे, फालसा, काळी द्राक्षे आणि जांभळ्या वांग्याची साल यांतही ॲन्थोसायनिने आढळतात. निसर्गाने ही द्रव्ये कोणत्याही एका देशाच्या फळास बहाल केलेली नाहीत.

शरीरातील ज्वलनक्रियेत काही अस्थिर कण निर्माण होतात आणि ते पेशींना इजा करू शकतात. ही रंगद्रव्ये परीक्षानळीत अशा कणांना निष्प्रभ करतात. तथापि परीक्षानळीत जे घडते तेच शरीरात घडते असे नाही. खाल्लेल्या ॲन्थोसायनिनांपैकी फारच थोडा भाग मूळ स्वरूपात रक्तात पोहोचतो. उरलेल्याचे आतड्यांतील जिवाणू विघटन करतात आणि त्यातून बनलेली लहान द्रव्ये रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर परिणाम करीत असावीत, असे आता मानले जाते. निरनिराळ्या खाद्यपदार्थांची अशी परीक्षानळीतील शक्ती दर्शविणारी कोष्टके अमेरिकेच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केली होती. जाहिरातदार त्यांचा गैरवापर करू लागल्याने २०१२ साली त्या खात्याने ती मागे घेतली. म्हणून 'अमुक फळात सर्वाधिक शक्ती' अशा जाहिराती वाचताना सावधगिरी बाळगणे योग्य होय.

अभ्यास काय सांगतात?

ब्लूबेरीविषयी तीन अभ्यास विशेष उल्लेखनीय आहेत. पहिला अभ्यास अमेरिकेतील ९३,६०० परिचारिकांचा असून त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. २५ ते ४२ वर्षे वयाच्या या महिलांची १८ वर्षे नोंद ठेवण्यात आली. आठवड्यातून तीनपेक्षा अधिक वेळा ब्लूबेरी वा स्ट्रॉबेरी खाणाऱ्या महिलांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण, ती क्वचितच खाणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे एकतृतीयांशाने कमी आढळले.

दुसरा अभ्यासही २०१३ सालचाच. त्यात १,८७,००० हून अधिक स्त्री-पुरुषांचा समावेश होता. अख्खी फळे, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षे आणि सफरचंदे नियमित खाणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण कमी दिसले. याउलट फळांचा रस नियमित पिणाऱ्यांत ते किंचित अधिक दिसले. फळ चावून खाणे आणि त्याचा रस काढून पिणे यांतील हा भेद प्रत्येक घराने लक्षात ठेवण्यासारखा आहे. रस काढताना चोथा टाकून दिला जातो आणि साखर तेवढी पोटात झपाट्याने जाते.

या दोन्ही अभ्यासांस एक मर्यादा आहे. जे लोक नियमित फळे खातात ते बहुधा व्यायामही करतात, तंबाखूपासून दूर राहतात आणि त्यांची आर्थिक स्थितीही बरी असते. संशोधकांनी या बाबी हिशेबात घेतल्या असल्या तरी लाभ केवळ फळामुळेच झाला असे खात्रीने म्हणता येत नाही. म्हणून तिसरा अभ्यास महत्त्वाचा ठरतो. इंग्लंडमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने स्थूल आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लक्षणे असलेल्या व्यक्तींना गटांत विभागून सहा महिने रोज ब्लूबेरीची भुकटी अथवा तशीच दिसणारी दुसरी भुकटी दिली. ११५ व्यक्तींनी ही चाचणी पूर्ण केली आणि २०१९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोज १५० ग्रॅम ताज्या फळाइतकी मात्रा घेणाऱ्यांच्या रक्तवाहिन्यांची लवचीकता सुधारली. परंतु इन्सुलिनला शरीराकडून मिळणारा प्रतिसाद मात्र सुधारला नाही. या चाचणीस ब्लूबेरी उत्पादकांच्या संघटनेचे अर्थसाहाय्य होते, ही गोष्टही नमूद करणे उचित होय.

सारांश असा की, जांभळी फळे रक्तवाहिन्यांस उपकारक आहेत असे मानण्यास आधार आहे. मात्र मधुमेह बरा करण्याचे सामर्थ्य त्यांच्यात असल्याचे सिद्ध झालेले नाही.

जांभूळ कितपत पौष्टिक?

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम जांभळाच्या गरात सुमारे ८४ टक्के पाणी, १४ ग्रॅम कर्बोदके, ६२ कॅलरी ऊर्जा आणि १८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. तितक्याच ब्लूबेरीत पाणी जवळजवळ तितकेच, कर्बोदके साडेचौदा ग्रॅम, ऊर्जा ५७ कॅलरी आणि क जीवनसत्त्व सुमारे १० मिलिग्रॅम असते. अर्थात दोन्ही फळे पोषणाच्या दृष्टीने एकमेकांस तुल्य आहेत आणि क जीवनसत्त्वाच्या बाबतीत गावचे जांभूळ थोडे सरसच आहे. केवळ क जीवनसत्त्वच हवे असेल तर पेरू या दोहोंच्या कितीतरी पुढे आहे. त्याच्या १०० ग्रॅममध्ये ते २०० मिलिग्रॅमहून अधिक असते.

ब्लूबेरीवर जितके मोठे अभ्यास झाले, तितके जांभळावर झालेले नाहीत. म्हणून ब्लूबेरीचे सर्व निष्कर्ष जसेच्या तसे जांभळास लावता येणार नाहीत. परंतु रंगद्रव्ये समान गटातील, पाणी आणि साखरेचे प्रमाण सारखे आणि फळ ताजे, अशी स्थिती असता, दूर देशाहून शीतगृहांतून प्रवास करून आलेल्या फळासाठी खर्च करण्याचे कारण सीमाभागातील कुटुंबास उरत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाकाठी सुमारे १०० ग्रॅम फळे आणि ४०० ग्रॅम भाज्या खाव्यात. ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण यांवर पोसलेल्या या भागातील ताटात उणीव असते ती फळांची. ती हंगामी फळांनीच भरून काढणे सोपे आहे.

लोहाविषयीचा एक समज येथे दुरुस्त करावयास हवा. जांभूळ रक्तवर्धक आहे, त्यात भरपूर लोह आहे, असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः जांभळात लोहाचे प्रमाण अल्प आहे. फळाचा रंग गडद असला म्हणजे त्यात लोह अधिक असते असे नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के महिलांत आणि पाच वर्षांखालील ६७ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. अशा वेळी गरोदर मातांनी लोह आणि फोलिक आम्लाच्या गोळ्या नियमित घेणे, पालेभाज्या, कडधान्ये, आणि ज्यांना चालते त्यांनी अंडी व मांस खाणे, हाच मार्ग आहे. जांभूळ हे त्याच्या जोडीस असावे. त्याच्या जागी नव्हे.

मधुमेह आणि जांभूळबी

मधुमेहावर जांभूळबीची भुकटी देण्याची प्रथा आपल्या देशात जुनी आहे. १९२१ साली इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी युरोपातही हे औषध वापरले जात असे, कारण त्या काळी दुसरा खात्रीचा उपाय नव्हता. प्राण्यांवरील प्रयोगांत बियांच्या अर्काने रक्तशर्करा उतरल्याचे काही संशोधकांनी नोंदविले आहे. परंतु माणसांवरील काटेकोर चाचण्या थोड्या आहेत. ब्राझीलमध्ये लोक जांभळाच्या पानांचा चहा मधुमेहावर घेतात. तेथे या चहाची तुलना प्रचलित गोळीशी करण्यात आली आणि २००४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोळीने रक्तशर्करा उतरली. जांभळाच्या पानांच्या चहाने उतरली नाही.

हा विषय सीमाभागापुरता नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष व्यक्तींना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लक्ष व्यक्ती त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेह हा आता केवळ शहरातील श्रीमंतांचा रोग राहिलेला नाही. प्रारंभी तो वेदना देत नाही. त्यामुळे गोळी बंद केल्यावरही काही दिवस 'बरे वाटते', आणि हे बरे वाटणे हीच मोठी फसवणूक ठरते. आत मात्र वाढलेली साखर डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा यांस हळूहळू निकामी करीत असते. शेतात अनवाणी चालणाऱ्या माणसास पायाची जखम कळत नाही, ती चिघळते आणि प्रसंगी पाय कापावा लागतो.

यास्तव पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात :

१. डॉक्टरांनी दिलेली गोळी अथवा इन्सुलिन जांभूळ, जांभूळबी वा अन्य कोणत्याही भुकटीच्या भरवशावर बंद करू नये.

२. गोळी चालू असता जांभूळबीची भुकटी घ्यावयाची असल्यास डॉक्टरांना तसे आधी सांगावे. दोहोंचा परिणाम एकत्र होऊन साखर प्रमाणाबाहेर उतरण्याचा संभव असतो. घाम फुटणे, हातपाय थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही त्याची लक्षणे होत.

३. तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाने जवळच्या उपकेंद्रात अथवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तशर्करा आणि रक्तदाब तपासून घ्यावा. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ही तपासणी केली जाते.

४. मधुमेही व्यक्तीने जांभूळ फळ म्हणून माफक प्रमाणात खाण्यास सहसा हरकत नसते. मात्र साखर घातलेले जांभूळ सरबत टाळावे.

कसे आणि किती खावे?

मूठभर, म्हणजे मध्यम आकाराची पंधरा-वीस जांभळे, एका वेळेस पुरेशी होत. जांभळातील तुरट द्रव्यांमुळे घसा खवखवतो आणि अनशापोटी फार जांभळे खाल्ल्यास पोट बिघडते. म्हणून ती जेवणानंतर काही वेळाने, चिमूटभर मीठ लावून खाण्याची घराघरांतील पद्धत योग्यच आहे. रक्तक्षय असलेल्यांनी मिठाचे प्रमाण राखून, लोहाची गोळी आणि जांभळे यांच्या वेळा निराळ्या ठेवाव्यात. कारण चहाप्रमाणेच तुरट द्रव्ये लोहाच्या शोषणात अडथळा आणू शकतात.

फळे स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवावीत. पावसाळ्यात चिखलात पडलेली फळे न धुता खाल्ल्यास हगवण होते आणि दोष मात्र जांभळास दिला जातो. पक्ष्यांनी अथवा वटवाघळांनी टोचलेली फळे घेऊ नयेत. लहान मुलांना बी काढूनच गर द्यावा, कारण बी घशात अडकण्याचा धोका असतो. जांभूळ सामान्य हवेत दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. तेव्हा जितके लागेल तितकेच आणावे. अधिक असल्यास धुतलेली जांभळे हाताने कुस्करून बिया वेगळ्या कराव्यात आणि सालीसह गर वापरावा. रंगद्रव्यांचा मोठा भाग सालीत असल्याने साल टाकू नये. या गरात थंड पाणी, मीठ आणि जिऱ्याची पूड घातल्यास साखरेविना उत्तम पेय होते. गर फार वेळ शिजविल्यास क जीवनसत्त्व नष्ट होते आणि रंगद्रव्येही घटतात.

झाडावर चढण्यासंबंधी एक सूचना अगत्याची आहे. जांभळाच्या फांद्या ठिसूळ असतात आणि पावसात त्या निसरड्याही होतात. हंगामात मुले आणि वेचणारे मजूर झाडावरून पडून हातपाय, प्रसंगी कणाही मोडून घेतात. लांब काठीस जाळी बांधलेला झेला वापरावा अथवा झाडाखाली जुनी चादर धरून फांदी हलवावी. मुलांना पातळ फांद्यांवर जाऊ देऊ नये.

शाळांसाठी एक प्रयोग

शिक्षकांना जांभळाच्या साहाय्याने विज्ञानाचा एक उत्तम पाठ घेता येईल. पिकलेल्या जांभळांची साल पाण्यात कुस्करून ते पाणी गाळून घ्यावे आणि तीन पेल्यांत ओतावे. पहिल्यात काहीच न घालता, दुसऱ्यात लिंबाचा रस पिळावा, तिसऱ्यात खाण्याचा सोडा टाकावा. लिंबाचे पाणी तांबूस गुलाबी होईल, सोड्याचे हिरवट निळसर होईल आणि पहिले जांभळेच राहील. आम्ल आणि विम्ल यांची ओळख करून देणारे रसायन प्रयोगशाळेतून मागविण्याची त्यासाठी गरज नाही. ब्लूबेरीतील ज्या द्रव्याची एवढी ख्याती आहे तेच आपल्या डोळ्यांसमोर रंग बदलीत आहे, हे विद्यार्थ्यांना अशा रीतीने समजावता येईल.

कल्याण कर्नाटकातील जिल्हे आणि विजयपूर येथील शाळांत डिसेंबर २०२१ पासून माध्यान्ह भोजनासोबत अंडी अथवा केळी देण्यास प्रारंभ झाला, तो या भागातील बालकांच्या कुपोषणाचा विचार करूनच. शाळेच्या आवारात जांभूळ, पेरू, आवळा आणि सीताफळ यांची चार झाडे असल्यास या प्रयत्नास शाळेचा स्वतःचा हातभार लागेल.

झाड राखणे हेही आरोग्याचेच काम

जांभूळ पूर्वी रस्त्यांच्या दुतर्फा सावलीसाठी लावीत, ओढ्याकाठी आपोआप उगवलेले राखीत आणि त्याचे पाण्यात न कुजणारे लाकूड विहिरीच्या तळाशी घालीत. प्राचीन वाङ्मयात या भूमीस जंबुद्वीप असे नाव आहे, ते याच वृक्षावरून. रस्ते रुंद होताना आणि बांध नांगरले जाताना अशी जुनी झाडे तुटतात. बी लावून वाढविलेल्या जांभळास फळ धरण्यास आठ-दहा वर्षे लागतात. म्हणून तुटलेल्या झाडाची उणीव एका पिढीच्या बालपणास जाणवते. कर्नाटकात वृक्ष तोडण्यापूर्वी १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, हे ग्रामपंचायतींनी आणि ठेकेदारांनी स्मरणात ठेवावे.

नवी लागवड करताना न्यू जर्सीतील वेचणाऱ्यांचा धडा उपयोगी पडेल. प्रत्येक गावात मोठ्या, गरदार, लहान बीच्या फळांचे एखादे झाड असते आणि ते कोठे आहे हे गुराख्यांना आणि शाळकरी मुलांना नेमके ठाऊक असते. अशा झाडांची नोंद ग्रामपंचायतीने वा शाळेने करावी. त्यांच्या काड्यांपासून मृदुकाष्ठ कलमे केल्यास मूळ झाडाचे गुण टिकतात आणि फळही चार-सहा वर्षांत मिळू लागते. बी लावावयाचे असल्यास ते ताजेच लावावे. सुकवून ठेवलेले बी थोड्याच दिवसांत उगवणशक्ती गमावते. झाडाचा विस्तार मोठा असल्याने दोन झाडांत दहा मीटर अंतर ठेवावे. बिदर येथील उद्यानविद्या महाविद्यालय आणि दोन्ही जिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रे यांच्याकडे याविषयी मार्गदर्शन मागता येईल. महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातील बहाडोली गावाने आपले टपोरे जांभूळ पिढ्यान्‌पिढ्या राखले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण बहाडोली' ही जात प्रसारित केली आणि २०२३ साली बहाडोलीच्या जांभळास भौगोलिक मानांकनही मिळाले. मांजरा आणि कारंजा नद्यांच्या काठीही असे एखादे झाड असणे अशक्य नाही.

ब्लूबेरीची स्तुती खोटी नाही. परंतु ती मुख्यतः जांभळ्या रंगाची स्तुती आहे आणि तो रंग सीमाभागाच्या शिवारात फुकट वा अल्प मोलात मिळतो. हंगामात मूठभर जांभळे धुऊन खावीत, इतर महिन्यांत पेरू, बोरे, सीताफळे, करवंदे, द्राक्षे अशी त्या त्या ऋतूची फळे खावीत, मधुमेहाची गोळी वेळेवर घ्यावी आणि दारचे झाड राखावे. एवढे केल्यास ब्लूबेरीच्या डब्यावाचून कोणाचेही आरोग्य अडणार नाही.